यंत्रशाळा आणि पेढी

आमच्या आळीत एक घर आहे. घरचे कर्ते गृहस्थ एका सहकारी पतपेढीत तीस वर्षे हिशेब लिहून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा यंत्रशाखेचा इंजिनियर झाला तेव्हा आळीभर पेढे वाटले गेले. आम्हीही ते खाल्ले. मुलगा एका कारखान्यात लागला. तीन वर्षे गेली, आणि एका रविवारी त्याने घरी जाहीर केले की, आपण नोकरी सोडणार आणि व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेणार. वडिलांनी एकच प्रश्न केला : "मग इंजिनियर कशाला झालास? हिशेबच शिकायचा होता तर घरात शिकवणारा बसलेला होता." मुलाला काही बोलता आले नाही. संध्याकाळी ते गृहस्थ आमच्याकडे आले आणि तोच प्रश्न त्यांनी आम्हांस घातला. आम्हांलाही उत्तर सुचले नाही. आम्ही इतिहासाचे अभ्यासक; मुलांनी काय शिकावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु प्रश्न डोक्यात राहिला, आणि थोडा शोध घेता असे दिसले की हा प्रश्न त्या गृहस्थांचा एकट्याचा नाही. तो सव्वाशेहून अधिक वर्षांचा जुना आहे, आणि पहिल्याने तो विचारला तो कोणा बापाने नव्हे, तर खुद्द एका इंजिनियरनेच.

त्या इंजिनियरचे नाव हेन्री टाउन. नाव आपल्या परिचयाचे नसले तरी त्याचा माल आपल्यापैकी कित्येकांच्या दाराला लागलेला असेल. 'येल' नावाचे कुलूप आपण जाणतो. त्या कुलपाचा कल्पक लायनस येल हा १८६८ साली वारला. त्याच वर्षी त्याचा भागीदार झालेला तरुण टाउन मागे राहिला, आणि कनेक्टिकट संस्थानातील स्टॅमफर्ड गावी त्याने तो कारखाना वाढविला. कुलूप ही वस्तू मोठी मौजेची आहे. ती लहान आहे, तिचे भाग पुष्कळ, प्रत्येक भाग अचूक हवा, आणि विकायची ती थोड्या पैशांत. एका चकतीवर अर्धा पैसा अधिक गेला तर तो लाखो कुलपांत लाखो वेळा जातो. अशा धंद्यातल्या माणसाला हिशेबाची जाणीव पूल बांधणाऱ्या माणसापेक्षा लवकर व्हावी, यात नवल नाही.

त्या काळी अमेरिकेतील कारखान्यांचा कारभार कसा चाले, हे आधी पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मालक फक्त इमारत, यंत्रे, वाफेची शक्ती आणि कच्चा माल देई. आत एकेका विभागाचा मुकादम म्हणजे जवळजवळ ठेकेदारच असे. बंदुकीचा घोडा घडविण्याचे काम एकाकडे, नळीचे दुसऱ्याकडे. तो आपली माणसे आपण नेमी, त्यांना काय द्यायचे ते आपण ठरवी, आणि तयार नग ठरलेल्या दराने मालकाच्या पदरात टाकी. आपल्याकडे इमारतीच्या कामावर सेंट्रिंगचा, फरशीचा, रंगाचा असे निरनिराळे ठेके दिलेले असतात, तसाच हा प्रकार. परिणाम असा की एक नग करायला खरोखर किती खर्च येतो, हे कारखान्याच्या मालकालाच ठाऊक नसे. इंजिनियर यंत्र बसवी आणि बाजूला होई. वहीखाते ठेवणारा कारकून वर्षअखेर एकूण आकडा काढी. दोघांच्या मध्ये जी जागा होती, तिथे मुकादम उभा होता, आणि तो काही सांगत नसे.

अमेरिकेतील यांत्रिक इंजिनियरांची संस्था १८८० साली स्थापन झाली होती. मे १८८६ मध्ये शिकागो येथे तिची बैठक भरली, आणि तीत टाउनने एक लहानसा निबंध वाचला. त्याचे नाव 'अर्थशास्त्रज्ञ या नात्याने इंजिनियर' असे होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. इंजिनियरच्या आकडेमोडीत फूट, पौंड, मिनिट ही जशी येतात तसाच डॉलर येतो, आणि बहुतेक वेळा शेवटचा आकडा डॉलरचाच असतो. मग त्या शेवटच्या आकड्याविषयी आपण इतके अडाणी का? चांगले इंजिनियर पुष्कळ आहेत, चांगले व्यापारी पुष्कळ आहेत; दोन्ही गुण एका ठिकाणी असलेली माणसे थोडी, आणि जी आहेत त्यांनी आपापले अनुभव आपल्यापाशीच ठेवले आहेत. ते छापून येत नाहीत, त्यांची चर्चा होत नाही, प्रत्येक नवा माणूस त्याच चुका पुन्हा करतो. तेव्हा या संस्थेने कारखान्याची व्यवस्था आणि कारखान्याचा हिशेब या विषयांसाठी एक शाखा काढावी.

त्याच बैठकीत सैन्याच्या शस्त्रशाळेतील कॅप्टन हेन्री मेटकाफ याने आपली कार्डांची पद्धत मांडली. प्रत्येक कामाला एक कार्ड. त्यावर किती माल लागला, कोणी किती वेळ काम केले, हे तेथल्या तेथे टिपायचे. आज कोणत्याही गॅरेजात गाडी दुरुस्तीला दिली की जो कागद गाडीबरोबर फिरतो, त्याचा हा पूर्वज म्हटला तरी चालेल. असल्या क्षुल्लक गोष्टी विद्वानांच्या सभेत कशाला, असे काहींना वाटले असणारच. तरी त्या एका कार्डाने मुकादमाचे गुपित मालकापुढे उघडे केले, हे आम्ही मोठेच मानतो.

संस्थेने अशी शाखा ताबडतोब काढली नाही. मात्र त्याच वर्षी त्या संस्थेचा सभासद झालेला तीस वर्षांचा एक माणूस या विचाराने भारून गेला. तो फ्रेडरिक टेलर. फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातला हा मुलगा हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला होता. पण डोळ्यांच्या तक्रारीमुळे तिकडे न जाता तो एका पंप तयार करणाऱ्या कारखान्यात उमेदवार राहिला. पुढे मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८७८ साली साधा मजूर म्हणून शिरला आणि काही वर्षांत मुख्य इंजिनियर झाला. इंजिनियरची पदवीही त्याने नोकरी सांभाळूनच, १८८३ साली मिळविली. म्हणजे हा माणूस दोन्ही बाजूंनी कारखाना पाहिलेला होता. मजूर मुद्दाम हळू काम करतात, कारण अधिक काम दाखविले की मालक दर कापतो, हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. तो स्वतः त्या रांगेत उभा राहिला होता.

टेलरने घड्याळ हाती घेतले. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे, फालतू हालचाली काढून टाकायच्या, उरलेल्यांची एक रीत ठरवायची, आणि त्या रीतीने काम करील त्याला अधिक मजुरी द्यायची. त्याने सांगितलेली सर्वांत गाजलेली गोष्ट बेथलहेम पोलाद कारखान्यातील आहे. कच्च्या लोखंडाच्या कांड्या, एकेक ब्याण्णव पौंडांची, उचलून वाघिणीत टाकायच्या. माणूस दिवसाला साडेबारा टन टाकी. टेलरच्या रीतीने एका मजुराने साडेसत्तेचाळीस टन टाकले. त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटांवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंटांवर गेली. आता हे त्रैराशिक आपणच मांडून पाहावे : काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. टेलर हा आकडा अभिमानाने सांगे. पुढील काळातील संशोधकांनी जुने कागद काढून पाहिले तेव्हा, ती हकीकत त्याने सांगितली तितकी सरळ नव्हती, असे त्यांना दिसून आले. आम्हांस त्या आकड्यापेक्षा त्या मजुराविषयी टेलरने जे लिहिले आहे ते अधिक खटकते. हे काम करणारा माणूस बैलाच्या जवळपास बुद्धीचा असावा, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. जो स्वतः मजुरांत राहिला, त्याच्या लेखणीतून हे निघावे!

याचा परिणाम व्हायचा तो झाला. १९११ साली टेलरचे 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे' हे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रशाळेतील ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी घड्याळ पाहताच काम टाकले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे गेले. टेलरची साक्ष झाली. आणि पुढे सरकारी शस्त्रशाळांत घड्याळ लावून माणसांचे काम मोजण्यास कायद्याने मनाई झाली, ती कित्येक वर्षे टिकली. इंजिनियर हिशेब शिकला खरा. परंतु माणूस हा हिशेबातील एक रकाना नव्हे, हे त्या हिशेबात आले नव्हते. व्यवहारशिक्षणाच्या इतिहासातला हा पहिला मोठा तोटा आम्ही मानतो, आणि त्याची वसुली अजून पुरी झालेली नाही.

आता शाळांकडे वळू. व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात द्यावे ही कल्पना अमेरिकेत पहिल्याने ज्याने पैसे घालून रुजविली, तो जोसेफ व्हार्टन हाही लोखंडाच्याच धंद्यातला. त्याने एक लाख डॉलर देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली शाळा काढली. गंमत अशी की ज्या बेथलहेम कारखान्यात टेलरने लोखंडाच्या कांड्या मोजल्या, त्यात याच व्हार्टनचे मोठे भाग होते. १९०० साली डार्टमथला टक शाळा निघाली. १९०८ साली हार्वर्डने पदवीनंतरची दोन वर्षांची शाळा काढून जी पदवी दिली, तीच आज आपल्या मुलांच्या तोंडी असलेली एम.बी.ए. हार्वर्डचे पहिले अधिष्ठाते एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. त्यांना शिकवायला तर काही तरी हवे होते! व्यापाराचे म्हणून जे ज्ञान होते ते तोवर पेढ्यांच्या भिंतीआड होते. तेव्हा त्यांनी टेलरला गाठले. टेलर प्रथम तयार होईना. कारखान्याची व्यवस्था कारखान्यातच शिकायची असते, वर्गात नव्हे, असे त्याचे मत होते. शेवटी तो आला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत दर वर्षी तिथे व्याख्याने देत राहिला. म्हणजे आज ज्या विद्येची एवढी चढाओढ आहे, तिच्या पहिल्या गुरूंपैकी एकाला ती वर्गात शिकविता येते याचाच भरवसा नव्हता.

अमेरिकेचीच गोष्ट सांगून थांबलो तर अन्याय होईल. कारण आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा माणूस फ्रान्समध्ये होऊन गेला. हेन्री फायोल हा खाणींचा इंजिनियर. सेंट एतिएन येथील खाणशाळेतून तो १८६० साली बाहेर पडला आणि कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीवर रुजू झाला. पुढल्याच वर्षीची एक नोंद त्याने ठेवली आहे. खाणीत सहाव्या मजल्यावर वाघिणी ओढणाऱ्या घोड्याचा पाय मोडला. फायोलने दुसरा घोडा द्यावा म्हणून चिठ्ठी लिहिली. पागेवरच्या माणसाने ती परत केली. संचालकांची सही नाही, म्हणाला. संचालक गावाला गेलेले. त्यांच्या मागे सही कोणी करायची, हे कोणी ठरवून ठेवलेले नव्हते. फायोलने पुष्कळ विनवण्या केल्या; पागेवाला हलला नाही. पागेत घोडे उभे, खाणीत कोळसा पडलेला, माणसे बसलेली, आणि त्या मजल्यावरचे काम बुडाले.

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी कोणत्याही कचेरीत एखादा कागद अडकलेला पाहिला आहे, त्यांना या घोड्याची ओळख पटेल. वीस वर्षांच्या त्या पोराने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र थोड्यांनाच सुचला असता. कोळसा निघाला नाही तो भूगर्भशास्त्र कमी पडले म्हणून नव्हे, यंत्र मोडले म्हणून नव्हे. अधिकाराची जागा रिकामी राहिली म्हणून. जी गोष्ट कोणत्याही खाणशाळेत शिकवीत नव्हते, तिच्यामुळे खाण बंद पडली. १८८८ साली तीच कंपनी बुडण्याच्या बेतात असताना तिची सूत्रे फायोलकडे आली. त्याने ती सावरली आणि १९१८ पर्यंत चालविली. त्याचे पुस्तक निघाले १९१६ साली, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीत. त्यात एक कोष्टक आहे. मजुराच्या अंगी जे गुण लागतात ते शंभर धरले तर त्यांतले पंच्याऐंशी धंद्यातील कसबाचे आणि कारभाराचे पाच. जसजसे वर जावे तसतसे हे प्रमाण उलटत जाते, आणि मोठ्या कारखान्याच्या प्रमुखापाशी कारभाराचे चाळीस आणि कसबाचे अवघे पंधरा उरतात. हे आकडे मोजून काढलेले नाहीत, अनुभवाने अंदाजलेले आहेत. तरी त्यांतला रोख विसरण्याजोगा नाही. फायोल पुढे विचारतो, असे जर आहे तर आपल्या इंजिनियरिंग शाळा मुलांना वर्षानुवर्षे उच्च गणित का शिकवितात आणि कारभाराचा एक शब्दही का शिकवीत नाहीत? आपल्या उभ्या आयुष्यात धंदा चालविताना साध्या त्रैराशिकापलीकडे आपल्याला फारसे काही लागले नाही, असे तो सांगतो. फ्रान्समध्ये, जिथे गणिताला देव्हाऱ्यात बसविले होते तिथे, हे लिहायला धैर्य हवे होते.

इंजिनियरिंग शाळांना हे पटायला वेळ लागला. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स तंत्रविद्यालयाने १९१४ साली आपल्या अभ्यासक्रमांत पंधरावा अभ्यासक्रम म्हणून 'अभियांत्रिकी प्रशासन' घातले. इंजिनियर व्हायचे आणि त्याबरोबर हिशेब, अर्थशास्त्र, कायदा शिकायचा, अशी ती योजना. त्याच विद्यालयातून १८९५ साली विजेची शाखा घेऊन बाहेर पडलेल्या आल्फ्रेड स्लोनने पुढे मोठे नाव केले. छऱ्यांऐवजी रुळांचे बेअरिंग तयार करणारा एक डबघाईला आलेला कारखाना त्याच्या हाती आला होता. एकदा कॅडिलॅक मोटारीच्या हेन्री लेलंडने त्याला बोलावून त्याच्या बेअरिंगांतील इंचाच्या हजाराव्या भागाची चूक दाखविली आणि चांगले खडसावले. विक्रीचे बोलणे करायला गेलेला माणूस अचूकपणाचा धडा घेऊन आला. १९२३ साली तो जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. त्याच्या प्रतिष्ठानच्या पैशाने १९५२ साली त्या विद्यालयात औद्योगिक व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा उभी राहिली, आणि १९६४ मध्ये तिला त्याचेच नाव मिळाले. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रविद्यालयात १९४९ साली निघालेली शाळा तर विज्ञान व इंजिनियरिंग शिकलेल्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवूनच काढली होती. पुढे १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या दोन अहवालांनी अमेरिकेतील व्यापारी शाळांचे शिक्षण उथळ आहे, त्यात गणित आणि शास्त्र वाढविले पाहिजे, असा ठपका ठेवला. शाळांनी तो मनावर घेतला. फायोलने ज्या गणिताला दाराबाहेर उभे केले होते ते असे मागील दाराने आत आले, आणि त्याबरोबर इंजिनियरही आला.

आपल्याकडे काय होते? पुण्याची इंजिनियरिंगची शाळा १८५४ सालची, म्हणजे हार्वर्डच्या त्या शाळेहून चोपन्न वर्षांनी जुनी. मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ चे. परंतु या दोन वाटा एकमेकींना कुठे मिळत नव्हत्या. पुण्याहून निघालेला इंजिनियर बहुधा सरकारी बांधकाम खात्यात जाई. कालवा, पूल, सडक. पैसा सरकारच्या तिजोरीतला. अंदाजपत्रक करायचे आणि ते ओलांडायचे नाही, एवढाच अर्थशास्त्राशी संबंध. तरी त्यांतही एखादा विश्वेश्वरय्या निघालाच. १८८३ साली पुण्याच्या परीक्षेत पहिला आलेला हा माणूस खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांसाठी आपण लक्षात ठेवतो. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती १८९९ मधील नीरा कालव्यावरची गट पद्धत : पाणी ज्याला हवे त्याला हवे तेव्हा, ही रीत सोडून गावोगावच्या जमिनीचे गट पाडायचे आणि पिकांची पाळी ठरवून पाणी वाटायचे. यात एक वीटही बसवायची नव्हती. हे निव्वळ व्यवस्थापन होते, आणि ते त्यांस कोणी शिकविलेले नव्हते.

कारखानदारीत मात्र नफ्या-तोट्याला पाठ दाखविता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत चित्रकलेचे व आलेखनाचे शिक्षक होते. यंत्रांचे वेड तिथे लागले. त्यांनी मुंबईत सायकली घेऊन पाठवाव्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावच्या दुकानात विकाव्या, असा व्यवहार सुरू झाला. लोखंडी नांगर तयार झाला तेव्हा खरी अडचण नांगर घडविण्याची नव्हतीच. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तो घ्यायला लावण्याची होती. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे पुतणे शंकरराव यांनी जाहिरातीचे आणि विक्रीचे काम अंगावर घेतले, आणि त्यासाठी १९२० साली जे पत्रक काढले त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांनी वाचलेले हे मासिक एका नांगराच्या खपातून जन्मले, ही गोष्ट आमच्या साहित्याच्या इतिहासकारांनी थोडी अधिक ठळक लिहावी असे वाटते. सांगायचे ते हे की टाउनला जे दोन गुण एका माणसात हवे होते, ते इथे एका कुटुंबात वाटून घेतलेले होते. यंत्र एकाकडे, दुकान दुसऱ्याकडे, जाहिरात तिसऱ्याकडे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेला गेले ते त्याच मॅसेच्युसेट्सच्या विद्यालयात. पंधरावा अभ्यासक्रम तेव्हा तिथे चालू होता. त्यांनी घेतली ती यंत्रशाखा. व्यवहार घरी शिकायला मिळत होता. परंतु असे घर किती जणांना असते? ज्याला नाही, त्याला शाळा लागते.

ती शाळा आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आली. कलकत्त्यात १९५३ साली समाजकल्याण आणि व्यवसाय व्यवस्थापन या दोन्ही विषयांची मिळून एक संस्था निघाली. आज ही जोडी विचित्र वाटते, त्या वेळी वाटली नसावी. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर उभे राहात होते; धरणे बांधली जात होती; यंत्रे परदेशांतून येत होती, इंजिनियर इथे तयार होत होते, आणि एवढ्या मोठ्या गाड्याला हाकणारा कोण, हा प्रश्न दिल्लीला पडला होता. १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज रॉबिन्स फोर्ड प्रतिष्ठानच्या वतीने आले आणि त्यांनी स्वायत्त संस्था काढण्याची शिफारस केली. मुंबईचे नाव आधी चर्चेत होते. अखेरीस १९६१ साली संस्था निघाल्या त्या कलकत्ता आणि अहमदाबाद येथे. कलकत्त्याने मॅसेच्युसेट्सच्या स्लोन शाळेचा हात धरला, अहमदाबादने हार्वर्डचा. अहमदाबादेत विक्रम साराभाई या पदार्थवैज्ञानिकाने आणि कस्तुरभाई लालभाई या गिरणीमालकाने पुढाकार घेतला, आणि मुंबई हात चोळीत राहिली. पवईला १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आली आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या साहाय्याने उभी राहिली, तेव्हा कुठे आमच्याकडच्या मुलांना जवळचे दार मिळाले. एक बारकावा सांगण्यासारखा आहे. अहमदाबाद-कलकत्त्याच्या संस्था विद्यापीठे नसल्यामुळे त्यांना पदवी देता येत नसे. त्या पदविका देत. जिच्यासाठी लाखो मुले धडपडत होती ती 'बिझनेसची डिग्री' कायद्याने डिग्रीच नव्हती! २०१७ च्या कायद्याने तो अधिकार त्यांना मिळाला.

या संस्थांत इंजिनियरांची गर्दी का झाली, याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. प्रवेशाची परीक्षा अंकगणिताची आणि तर्काची. इंजिनियरिंगच्या मुलाचा त्यात हात बसलेला. हुशार मुलाने दहावीनंतर विज्ञान आणि विज्ञानानंतर इंजिनियरिंगच घ्यावे, असा आपल्या घराघरांतला दंडक. म्हणून पुष्कळसा चांगला मुलगा आधीच त्या रांगेत उभा केलेला. त्याला यंत्रे आवडतात की नाही हे अठराव्या वर्षी कोणी विचारले नाही. तेवीस-चोविसाव्या वर्षी त्याने स्वतःला विचारले. आणि कारखान्यात गेल्यावर त्याने पाहिले की यंत्राशी इमान राखणारा यंत्रापाशीच राहतो, वरच्या खुर्चीवर विक्रीचा किंवा वित्ताचा माणूस जाऊन बसतो. मग लोकांच्या पैशाने उभारलेल्या प्रयोगशाळांत चार वर्षे शिकलेला इंजिनियर साबण विकू लागला, बँकेत बसला, अशी ओरड झाली. ती ओरड खोटी नाही. पण ओरड करणाऱ्यांनी त्या मुलाच्या पगाराचा कागदही कधी वाचावा.

ही पदवी नसली म्हणजे काही अडते, असेही नाही. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची कोकण रेल्वे सह्याद्रीच्या पायथ्यातून नेण्यासाठी १९९० साली स्वतंत्र महामंडळ निघाले. रेल्वेच्या अंदाजपत्रकात तेवढा पैसा नव्हता, म्हणून रोखे काढून तो बाजारातून उभा केला गेला. बोगद्यांत माती ढासळत होती. आणि १९९८ साली गाडी अखेरपर्यंत धावली. त्या कामाचे प्रमुख ई. श्रीधरन हे स्थापत्य इंजिनियर. व्यवस्थापनाच्या कोणत्याही शाळेत ते गेले नव्हते.

इतके वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलाला घरी बोलाविले आणि खरे कारण विचारले. पगार हे उत्तर आम्ही गृहीत धरले होते, आणि तसे सांगायला तो लाजत असेल असेही धरले होते. त्याने निराळेच सांगितले. कारखान्यात एका ओतीव भागात त्याला बारीक चिरा दिसल्या होत्या. त्याने अहवाल लिहिला. अहवाल वर गेला आणि परत आला. त्यावर शेरा होता की, साचा बदलण्याचा खर्च समर्थनीय वाटत नाही. त्याने पुन्हा लिहिला. पुन्हा परत आला. "मला धोका दिसत होता, पण तो त्यांना दिसेल असा मांडता येत नव्हता," तो म्हणाला. "ते ज्या भाषेत बोलतात ती मला येत नाही."

आम्हांला त्या क्षणी २७ जानेवारी १९८६ ची रात्र आठवली. टाउनने शिकागोला निबंध वाचला त्याला शंभर वर्षे व्हायला चार महिने उरले होते. अमेरिकेचे चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी उडायचे होते, आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. यानाचे अग्निबाण तयार करणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी दूरध्वनीवर सांगितले की, इतक्या थंडीत सांध्यांतली रबराची कडी ताठरतील; उड्डाण करू नये. त्यांच्याकडे आकडे मागितले गेले. होते ते अपुरे होते. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून आपापसांत चर्चा केली, आणि त्या चर्चेत इंजिनियरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आले की, आता इंजिनियरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. तो स्वतः इंजिनियर होता. त्याने टोपी बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांनी यान फुटले आणि सात माणसे गेली. चौकशी आयोगाच्या अहवालात हे सारे नमूद आहे. तिथे व्यवहाराची भाषा येणारा इंजिनियर हजर होता. तरीही यान उडाले. ही हकीकत आम्ही त्या मुलाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही टोप्या एका वेळी घालायच्या." असे कुठे शिकवितात की नाही, ते आम्हांला सांगता आले नाही.

तो गेला. सध्या त्याचे पहिले वर्ष चालू आहे. परवा संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा वडील ओसरीवर फोन कानाला लावून बसले होते आणि मोठ्याने बोलत होते. मुलाचे हिशेबाच्या विषयात अडले होते. कोणती रक्कम नावे टाकायची आणि कोणती जमा, यात त्याचा गोंधळ होत होता. "अरे, जे येते ते नावे, जे जाते ते जमा," वडील सांगत होते. "नाही, नाही, उलट नाही. माणसाचे खाते निराळे, मालाचे निराळे. थांब, कागद घे. घेतलास? आता लिही." आम्हांला त्यांनी हाताने बसण्याची खूण केली. चहा येऊन निवला तरी त्यांचे शिकविणे चालूच होते.